काकडी मोझॅक विषाणूची जलद चाचणी-पट्टी: शोभेच्या बागेसाठी कितपत उपयोगी?

पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाची चट्टेदार नक्षी उमटते, नवी पाने अरुंद होऊन वेडीवाकडी वाढतात, पाकळ्यांचा एकसंध रंग फुटून त्यांवर पट्टे दिसू लागतात. अशा वेळी दोष अन्नद्रव्यांच्या कमतरतेचा आहे, वाऱ्याबरोबर आलेल्या तणनाशकाचा आहे की विषाणूचा, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवणे धोक्याचे असते. ही शंका झाडाजवळ उभे राहूनच फेडता यावी यासाठी काकडी मोझॅक विषाणू, म्हणजेच सीएमव्ही, ओळखणारी चाचणी-पट्टी मिळते. ती बराच काळ वापरल्यानंतर माझे मत अनुकूल झाले आहे, मात्र ती कोणत्या झाडावर आणि केव्हा वापरावी याबद्दल माझा आग्रह आहे.

वापरण्याची रीत सोपी आहे. संशयित पानाचा छोटा तुकडा द्रावण भरलेल्या जाळीदार पिशवीत घालून चुरडायचा आणि त्या रसात पट्टीचे टोक खुणेपर्यंत बुडवायचे. पट्टीवरील प्रतिपिंडे विषाणूच्या कवचप्रथिनाला चिकटतात, त्यांना जोडलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण एका जागी साठतात आणि काही मिनिटांत तेथे तांबूस रेघ उमटते. वरची रेघ चाचणी नीट पार पडल्याची खूण असते, ती न दिसल्यास निकाल बाद समजावा. खालची रेघ पुसट असली तरी तिला होकारच मानावे, हे माहितीपत्रकात पुरेशा ठळकपणे सांगितलेले नाही आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी तेथेच होऊ शकते.

अचूकता बरीचशी नमुन्यावर अवलंबून राहते. विषाणू झाडात सर्वत्र सारख्या प्रमाणात नसतो, त्यामुळे जून, खालच्या पानांऐवजी लक्षणे दाखवणारे कोवळे पान घेतलेले बरे. तुकडा गरजेपेक्षा मोठा असेल किंवा रस फार चिकट असेल, तर द्रव पट्टीवर नीट चढत नाही. एका झाडाचा रस बोटांवर राहून दुसऱ्या नमुन्यात मिसळू नये, म्हणून प्रत्येक चाचणीपूर्वी हात धुणेही आवश्यक आहे.

या पट्टीचे खरे मोल मात्र विषाणूच्या स्वभावात आहे. 1916 मध्ये काकडीवर त्याचे प्रथम वर्णन झाले आणि नाव तेच राहिले, तरी तो हजारांहून अधिक वनस्पतीजातींना ग्रासतो. लिली, ग्लॅडिओलस, डेलिया, पिटुनिया, झिनिया, कर्दळ, सदाफुली अशी बागेतील लाडकी झाडे त्यांत आहेत. त्याचा प्रसार मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या 80 हून अधिक जाती करतात. रोगट पानात सोंड खुपसून चव घेण्याच्या काही सेकंदांतच मावा विषाणू उचलतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट सोडतो. त्याच्या सोंडेवर विषाणू फार तर काही तास टिकतो. बाहेरून उडत आलेला मावा कीटकनाशकाने मरण्यापूर्वीच आपले काम उरकून मोकळा होतो, म्हणून माव्याची संख्या घटवणारी फवारणी हा रोग रोखायला अपुरी पडते. खनिज तेलाच्या फवाऱ्याने प्रसारात अडथळा येतो, पण नव्या फुटीवर तो पुन्हापुन्हा मारावा लागतो. लागण झालेले झाड बरे करणारे औषध तर नाहीच. सारे उपाय असे तोकडे असताना रोगाचे उगमस्थान लवकर शोधून उपटून टाकणे हाच मार्ग उरतो आणि त्या शोधात ही पट्टी मनापासून उपयोगी पडते.

लक्षणांच्या तीव्रतेवर विसंबून का राहू नये, याचेही उत्तर याच विषाणूत सापडते. त्याच्या काही वाणांबरोबर उपग्रह-आरएनए नावाचा छोटा घटक वावरतो, जो कधी लक्षणे सौम्य करतो तर कधी अतिशय उग्र. त्यामुळे वरवर निकोप दिसणारे झाडही इतरांसाठी विषाणूचा साठा ठरू शकते. फांद्यांची छाटकलमे घेण्यापूर्वी किंवा कंद विभागण्यापूर्वी मातृवृक्ष तपासावा, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच. रोगट झाडापासून घेतलेल्या कलमांत आणि कंदांत रोग सरळ उतरतो. चिकवीडसारख्या तणात हा विषाणू तग धरतो आणि त्याच्या बियांतूनही पुढे जातो, म्हणून एखादी पट्टी वाफ्याच्या कडेच्या तणावर खर्च केली तरी ती वाया जात नाही.

मर्यादाही गंभीर आहेत. ही पट्टी फक्त एकाच विषाणूला ओळखते. ट्यूलिपच्या पाकळ्यांवर रंगाचे फटकारे उमटवणारा विषाणू किंवा लिलीतील लक्षणविरहित विषाणू हेही माव्यामार्फतच पसरतात, पण त्यांच्यासाठी येथे रेघ उमटणार नाही. लिलीत तर सीएमव्ही आणि हा लक्षणविरहित विषाणू एकत्र आले, की पानांवर करपलेले ठिपके पडून नुकसान वाढते, आणि पट्टी त्यातील अर्धीच गोष्ट सांगते. नकारार्थी निकालाचा अर्थ झाड निरोगी आहे असा होत नाही. लक्षणे कायम राहिल्यास नमुना प्रयोगशाळेत पाठवून पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी, चाचणी करून घ्यावी. कोणकोणत्या शोभेच्या झाडांवर पट्टी पडताळून पाहिली आहे, याची यादी उत्पादकाने माहितीपत्रकात द्यायला हवी. ती नसणे ही मला सर्वांत खटकलेली उणीव आहे.

दरवर्षी बियांपासून नवे हंगामी वाफे करणाऱ्यांना या पट्टीवाचून फारसे अडणार नाही, कारण तेथे रोगट रोप ओळखताक्षणी उपटणे परवडते. कंद, छाटकलमे आणि बहुवर्षायू झाडे जपणाऱ्यांनी, त्यातही रोपांची देवाणघेवाण करणाऱ्यांनी, ती जरूर जवळ ठेवावी आणि नवे झाड जुन्या झाडांशेजारी लावण्याआधी वापरावी.