कॅसिओ एफ-९१डब्ल्यू: हळू पळणाऱ्याच्या कामाचं घड्याळ

हिल हाफ मॅरेथॉनचे दिवस जवळ आले की साताऱ्यात वेग-अंतर मोजणाऱ्या जीपीएस घड्याळांच्या चर्चा रंगतात. पण किलोमीटरला नऊ-दहा मिनिटं लावत, गप्पा मारत पळणाऱ्याला त्यांतले बहुतेक आकडे लागतच नाहीत. साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात तर वेगाचा आकडा चढाला रडवतो आणि उताराला उगाच फुगवतो. १९८९ साली आलेलं हे साधं घड्याळ वेग सांगतच नाही. हळू पळणाऱ्याच्या दृष्टीने हा त्याचा पहिला गुण.

वजन २१ ग्रॅम. घामेजल्या हातावरही जाणवत नाही. डावीकडचं खालचं बटण दोनदा दाबलं की स्टॉपवॉच येतं. उजवीकडचं बटण चालू-बंद करतं, डावीकडचं वरचं शून्यावर आणतं. सेकंदाचा शंभरावा भागही दिसतो. तो आपल्याला कशाला हवा, हा प्रश्न वेगळा.

पळणं-चालणं आलटून पालटून करायचं तर उलट मोजणारा टायमर लागतो, आणि तो यात नाही. त्यावर तोड आहे. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असा हिशेब ठेवा. मिनिटाचा शेवटचा आकडा ४ किंवा ९ दिसला की चाला, ० किंवा ५ झाला की पळा. हे स्टॉपवॉच ५९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. पण साठाला पाचाने भाग जातो, त्यामुळे तिसऱ्या तासातही हिशेब चुकत नाही. एकूण वेळ हवी असेल तर निघतानाची वेळ तेवढी लक्षात ठेवा. घाटात प्रमाण बदला: शेवटचा आकडा ०, १, ५, ६ असताना पळा, बाकी वेळ चाला. तरीही एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर घड्याळ विसरून चाला.

दर तासाला वाजणारी टिकटिक मात्र खास. अलार्मच्या पानावर उजवं बटण दाबत तिची खूण आणून ठेवा. साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून घाट चढायला सव्वासहाला निघालात तर सातच्या टिकटिकीला मागे फिरायचं, मग कुठेही पोहोचलेले असा. चढाला पंचेचाळीस मिनिटं गेली तर उताराला बहुधा कमी लागतात, त्यामुळे घरी उशीर होत नाही. उतारावर वाचलेला वेळ लांब ढांगा टाकून आणखी वाचवू नका. मांडीचे पुढचे स्नायू तिथे ब्रेकचं काम करतात, आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी जिन्यावर होते.

आता उणिवा. दिवा म्हणजे काजवा: डावीकडचा कोपरा हिरवा होतो, उजवीकडचे सेकंद अंधारात. हिवाळ्यात पहाटे निघणाऱ्यांनी हातात टॉर्च ठेवावीच. अलार्म एकच, आवाज बारीक. रजईखाली ऐकू येईल याचा भरवसा नाही. पावसाचे शिंतोडे चालतात, पण ओल्या घड्याळाची बटणं उगाच दाबू नयेत. पट्ट्याखाली घामाचं मीठ साचून खाज सुटते, म्हणून घरी आल्यावर पट्टा पुसून घ्यायचा आणि पळताना एक भोक सैल ठेवायचा.

सेल सीआर२०१६, साधारण सात वर्षं चालतो. बदलताना मागच्या झाकणाची रबरी रिंग खाचेत नीट बसली का, ते दुकानातच बघा. ती दुमडली तर साताऱ्याच्या पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरलीच म्हणून समजा.

किंमत हजार-दीड हजाराच्या घरात, त्यामुळे नकलाही भरपूर. वेळेच्या पानावर उजवं बटण तीन-चार सेकंद दाबून धरा. अस्सल घड्याळात पडद्यावर कंपनीचं नाव उमटतं. हल्ली काही नकलाही ते दाखवतात, तेव्हा रस्त्यावर दीडशे रुपयांत मिळालं तर बटण दाबून बघायचीही गरज नाही.