२८ खणांची गोळ्यांची डबी: फेब्रुवारी २०२०पासूनचा वापर

झाकणांवर कंपनीने चार चित्रं छापली होती: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, अर्धा बुडालेला सूर्य आणि चंद्रकोर. तीन आठवड्यांत चारही गेली. अर्धा दोष माझा. मार्च २०२० होता, दारातून आत येणारी प्रत्येक वस्तू आम्ही सॅनिटायझरने पुसत होतो, आणि ही डबी दिवसातून चारदा हातात येणार म्हणून तिला चारदा पुसायचे. अल्कोहोलने छपाई उतरते हे मला कळायला हवं होतं. पण औषधाची डबी म्हटल्यावर ती पुसली जाणारच ना? वारांची नावं प्लास्टिकमध्येच उठावाची आहेत, ती अजून बोटाला लागतात. वेळाही तशाच दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? शेवटी सुनेच्या नेलपॉलिशचे ठिपके दिले. सकाळला एक, रात्रीला चार. ते टिकले.

आता मी ही डबी का घेतली ते. मला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, थायरॉईड आहे आणि हातांच्या सांध्यांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. चार आजार, चार डॉक्टर, चार फायली. एकाच माणसाला दोन किंवा जास्त जुनाट आजार असले की डॉक्टरी भाषेत त्याला मल्टिमॉर्बिडिटी म्हणतात. आमचे हे म्हणतात, ‘तुझं संमेलन’. एकतीस वर्षं हिशोब खात्यात काढली, आयुष्यभर ताळेबंद जुळवले आणि निवृत्त झाले ती थेट टाळेबंदीत. त्यामुळे रविवारी सकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून आठवड्याच्या गोळ्या मांडायचं काम मला मनापासून आवडतं हे आधीच सांगते. ज्यांना आवडत नाही त्यांनी या परीक्षणातून एखादा तारा वजा करून घ्यावा.

डबीची रचना अशी: एका चौकटीत सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चार खण. बाहेर जायचं असेल तर त्या दिवसाची पट्टी काढून पर्समध्ये टाकता येते. ही सोय उत्तम. पण चार खण सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे धरणाऱ्याला आमच्यासारखी माणसं माहीत नसावीत. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही. बाकीच्या सकाळच्या गोळ्या खाऊन झाल्यावर. दोन्ही एकाच ‘सकाळ’मध्ये टाकल्या तर अर्धवट झोपेत सगळ्याच तोंडात जातात, मी दोनदा घेतल्यात. म्हणून ‘सकाळ’मध्ये एकटी थायरॉईडची, आणि ‘दुपार’ म्हणजे आमच्याकडे नाश्त्यानंतर. कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीपासून चार तास तरी लांब हवं, नाहीतर ते तिला आतड्यातच धरून ठेवतं, म्हणून ते रात्रीत. राहिली ‘संध्याकाळ’. ती रिकामी. या रिकाम्या खणाने माझा घात केला, त्यावर पुढे येते.

झाकणांबद्दल: नवीन असताना इतकी घट्ट की सकाळी बोटं आखडलेली असताना मला उघडता येईनात. चमच्याच्या दांड्याने उचकटायचे. सांधेदुखीवाल्यांसाठी म्हणून विकली जाणारी वस्तू एकदा तरी सांधेदुखीवाल्याच्या हातात देऊन बघावी. वर्षभराने झाकणं सैल झाली आणि मग पर्समध्ये आपोआप उघडायला लागली. मधले चार-पाच महिने मात्र अगदी बरोबर होती.

डबीचा खरा उपयोग कोविडच्या महामारीत कळला. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली आणि त्याच सुमारास फोनवर एक निरोप फिरायला लागला की रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणजे माझ्या टेल्मिसार्टनच्या भावकीतल्या, विषाणूला आत यायचं दार उघडून देतात. विषाणू पेशीवरच्या ज्या एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटून आत शिरतो, ते या गोळ्यांनी वाढतं अशी ती शंका होती. मी शहाणीने दोन दिवस ती गोळी खणातून वेचून बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी मशीनवर १७२/१००. हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मार्चमध्येच गोळ्या बंद करू नका असं सांगितलं होतं, पण ते माझ्या फोनपर्यंत पोचलं नव्हतं. पुढे ब्राझीलमध्ये दवाखान्यात दाखल असलेल्या ६५९ रुग्णांवर चाचणी झाली, त्यात या गोळ्या थांबवून काही फायदा दिसला नाही.

त्यानंतर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. वर्षानुवर्षं ही गोळी आम्हा संधिवातवाल्यांची आणि ल्युपसवाल्यांची. आम्ही सोडून फारसं कुणी विचारत नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये कोविडवर चालेल या आशेने ती एकदम जगाला हवी झाली आणि दुकानांतून गेली. रविवारी डबी भरताना बुधवारपर्यंत गोळ्या आल्या आणि पुढचे चार खण तसेच राहिले. पाकिटात किती शिल्लक हे एरवी मी शेवटच्या दिवशी बघायचे. डबीमुळे तीन दिवस आधी कळलं, म्हणून सांध्यांच्या डॉक्टरांना फोन तरी करता आला. ते म्हणाले, हे औषध अंगातून फार हळू उतरतं, थोडा खंड पडला तर लगेच काही होत नाही, घाबरू नका. अकरा दिवसांचा खंड पडला. जूनमध्ये मोठ्या चाचण्यांतून कोविडवर तिचा उपयोग नाही हे दिसलं आणि आमची गोळी आम्हाला परत मिळाली.

आता तो रिकामा खण. गुडघ्यासाठी मला कधीतरी एक वेदनाशामक गोळी दिली होती, ‘दुखेल तेव्हा’. डबीत ‘दुखेल तेव्हा’ नावाचा खण नसतो. आणि हिशोबवालीला कोरी जागा बघवत नाही. मी ती ‘संध्याकाळ’मध्ये टाकायला लागले, रोज एक. आठवड्याच्या बासष्ट गोळ्या, सगळे खण भरलेले, मेळ चोख! दवाखाने बंद, तपासण्या पुढे ढकललेल्या. दर तीन महिन्यांनी व्हायची रक्ततपासणी आठ महिने झाली नव्हती.

ऑक्टोबरमध्ये मधुमेहाच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल होता. त्यांनी औषधांची यादी विचारली. मी यादी वाचायचा कंटाळा केला आणि मंगळवारची पट्टीच कॅमेऱ्यासमोर धरली.

“काकू, जरा जवळ आणा. तिसऱ्या खणात काय आहे?”

“गुडघ्याची.”

“रोज?”

मी गप्प. मग त्यांनी समजावलं. टेल्मिसार्टन, त्याच गोळीत असलेलं लघवी वाढवणारं औषध, आणि वर ही वेदनाशामक: तिन्ही मिळून मूत्रपिंडाचं रक्त गाळायचं काम तिन्ही बाजूंनी आवळतात. शिवाय मधुमेह. शिवाय संधिवाताचं मेथोट्रेक्सेट, जे मुख्यतः मूत्रपिंडातून बाहेर पडतं. दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात वाढतं ते) १.४. फेब्रुवारीत ०.९ होतं. चार डॉक्टरांपैकी कुणाचीच चिठ्ठी चुकीची नव्हती. चारही चिठ्ठ्या एकत्र आल्या होत्या त्या फक्त या डबीत, आणि तिथे त्या डॉक्टरच्या नजरेला पडायला आठ महिने लागले. ‘संध्याकाळ’ तेव्हापासून रिकामी आहे. त्यात मी एक जाड खडू अडकवून ठेवलाय, नाहीतर माझा भरवसा नाही. आठवड्याच्या आता पंचावन्न. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.० वर आलं.

मेथोट्रेक्सेट डबीत ठेवत नाही. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. ती कपाटात वरच्या फळीवर, आणि रविवारच्या रात्रीच्या खणात फक्त चिठ्ठी: ‘आज चार’. लस घेतली त्या आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून चिठ्ठी बदलली: ‘आज नाही’. या डबीला लहान मुलांसाठी कुलूप नाही हेही इथेच सांगते. शाळा बंद असताना नातवाने ती खुळखुळा म्हणून पळवली होती. गोळ्या सगळ्या सापडल्या. मी पंचावन्नच्या पंचावन्न दोनदा मोजल्या, तोवर सुनेचा चेहरा पांढरा पडला होता.

जानेवारी २०२२मध्ये मला कोविड झाला तेव्हा डबीची खरी परीक्षा झाली. मी आतल्या खोलीत, भरायचं काम ह्यांच्याकडे. जुलाब लागले, पाणीही पोटात राहीना, तेव्हा डॉक्टरांनी मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि रक्तदाबाची गोळी तात्पुरती थांबवायला सांगितली. हे दाराबाहेर स्टुलावर बसून, चष्मा कपाळावर ढकलून, फोन कानाला लावून खणातून गोळ्या वेचत होते. “ती पांढरी लांबट का पांढरी गोल?” सगळ्याच पांढऱ्या. दाराच्या फटीतून मी ओरडून सांगत होते. गोळ्या एकदा पाकिटातून काढल्या की त्यांची नावं जातात, हा या सगळ्याच डब्यांचा दोष. त्यानंतर मी डबीच्या तळाला एक कागद चिकटवला: प्रत्येक गोळी पेन्सिलीने वर्तुळात ठेवून गिरवली, शेजारी नाव आणि कशासाठी. घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशीच करावं. आणि कुठल्या गोळ्या पाकिटातून काढायच्या नाहीत ते दुकानदाराला विचारावं. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी तिच्या मूळ बाटलीतच राहायला हवी, डबीत नाही.

पाचापैकी साडेतीन तारे. गुरुवार रात्रीचं झाकण बिजागरीतून तुटलंय, रबरबँड लावून चालवते आहे. कंपनीला सुटी पट्टी मागितली तर म्हणाले, सुटी मिळत नाही, पूर्ण डबी घ्या.