खिडकीच्या हँडलची नवी यंत्रणा : सात महिन्यांच्या वापरानंतर

वेळणेश्वरला नारळीच्या वाडीत आमचे चाकांवरचे घर उभे आहे. त्याच्या खिडक्यांना बिजागरी वरच्या बाजूला असून आतून हँडल फिरवले की तावदान खालून बाहेर उचलले जाते. त्यामुळे भर पावसात चार बोटे उघडी ठेवली तरी पाणी आत येत नाही. चौथ्या वर्षी समुद्राकडच्या खिडकीचे हँडल नुसतेच फिरू लागले, तेव्हा आगोटीच्या कामांबरोबर तिची यंत्रणा बदलायची ठरवली.

जुनी यंत्रणा उघडल्यावर दिसले की दातेरी चाकाचे पाच-सहा दाते झिजून गुळगुळीत झाले आहेत. मूळ दुखणे मात्र तावदानाच्या खालच्या पट्टीत होते. तावदान बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या टोकाचे नायलॉनचे चाक ज्या खाचेतून सरकते, तिच्यात वाळू आणि मिठाचा दगडासारखा थर बसला होता. चाक अडत होते, आम्ही हँडलवर जोर लावत होतो आणि तो सगळा जोर वर्षानुवर्षे त्या दात्यांनी सोसला. खाच जुन्या टूथब्रशने व गोड्या पाण्याने स्वच्छ केल्याशिवाय नवी यंत्रणा कोणीही बसवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

मागवताना भोकांमधील अंतर, दांडीची लांबी आणि ती डावी की उजवी, हे तिन्ही कळवावे लागते. मी फोटोही पाठवला होता, तरी विक्रेत्याने उलट्या बाजूची दांडी पाठवली आणि बदलून मिळेपर्यंत मे महिना संपत आला. मिरग तोंडावर असताना फळी ठोकून बंद केलेल्या खिडकीआड काढलेले ते तीन आठवडे फार त्रासाचे गेले.

बसवण्याचे काम तासाभराचे आहे, पण एकट्याने करू नये. दांडी खाचेतून निघताच तावदान खाली आपटते, म्हणून पुतण्याने ते बाहेरून तोलून धरले होते.

पावसाळा यंत्रणेने उत्तम काढला. पूर्वी दोन्ही हातांनी फिरवावे लागणारे हँडल आता आई दोन बोटांनी फिरवते. सोबत आलेल्या ३०४ प्रतीच्या स्टेनलेसच्या स्क्रूंवर मात्र जुलैतच तपकिरी डाग पडले, तेव्हा चिपळूणहून ३१६ प्रतीचे आणले. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्याने खाऱ्या हवेत ते अधिक टिकतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीशी थेट स्पर्श होऊन ती खाल्ली जाऊ नये, म्हणून प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनचा वायसर घातला आहे. ग्रीस फक्त गिअरच्या आत भरले. खाचेत ते लावल्यास वाळू चिकटते, म्हणून तिथे महिन्यातून एकदा सिलिकॉनचा फवारा मारतो.

एक उणीव राहिली आहे. हँडल आवळणारा छोटा स्क्रू सैल होतो. ऑगस्टमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये तो ॲलन चावीने आवळावा लागला. तरीही शेजारच्या खिडकीसाठी हीच यंत्रणा मागवली आहे, आणि तिची खाच मी कालच धुऊन ठेवली.