सेस्ना १५२ घेताना लॉगबुकात मी जे वाचलं नाही

गेल्या आठवड्यात त्या माणसाची जाहिरात पुन्हा दिसली. विमान दुसरं आहे, शब्द मात्र तेच: ‘इंजिनाचे तास अगदी कमी, कायम हँगरमध्ये, वार्षिक तपासणी नुकतीच झालेली.’ दोन वर्षांपूर्वी याच शब्दांना भुलून मी त्याच्याकडून सेस्ना १५२ घेतलं. आज कुणीतरी ती जाहिरात वाचत असेल, म्हणून हे सगळं लिहून काढतोय.

सेस्ना १५२ बनत होतं १९७७ ते १९८५ या काळात. बाजारात येणारं प्रत्येक विमान चाळिशीच्या आसपासचं किंवा त्याहून जुनं असणार, हे मला ठाऊक होतं आणि मान्यही होतं. मी उडायला शिकलो ते याच विमानावर. दोन आसनं, ११० अश्वशक्तीचं, लायकमिंग कंपनीचं इंजिन, इंधनाचा खर्च झेपेल इतका. माझ्या बचतीत बसणारं दुसरं काही नव्हतंच.

विक्रेता बोलायला अतिशय सभ्य. मी पोहोचलो तेव्हा विमान पुसून-बिसून बाहेर काढून ठेवलेलं होतं. काउलिंगला, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाला, हात लावला तर गरम. म्हणाला, “तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणलं.” मला ते अगत्य वाटलं. गार इंजिन सुरू होताना किती कुरकुर करतं, हे मला दिसू नये म्हणून ते आधीच तापवून ठेवलं होतं. विमान बघायला जाणार असाल तर आदल्या दिवशीच सांगा की इंजिन मी स्वतः गार असताना सुरू करणार.

ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर, इंजिन ३४० तास चाललं होतं. लायकमिंगच्या अशा इंजिनांना दोन ओव्हरहॉलमध्ये साधारण २,००० ते २,४०० तास मिळतात, म्हणून मला वाटलं अजून पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे. पण कंपनीच्या शिफारशीत तासांबरोबर वर्षांचीही मर्यादा असते: १२ वर्षं, जे आधी पुरं होईल ते. हे ओव्हरहॉल १६ वर्षांपूर्वीचं होतं, आणि शेवटच्या सहा वर्षांत विमान उडालं होतं फक्त नऊ तास. लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, हे सगळं लिहिलेलं होतं. मी तासांची बेरीज केली, तारखांकडे पाहिलंच नाही.

न चालवता ठेवलेल्या इंजिनाचं काय होतं ते नीट सांगतो, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालं. लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद पडून राहिलं की त्याच्यावरचं तेल हळूहळू खाली निथळतं, हवेतला ओलावा आत शिरतो आणि कॅमच्या उंचवट्यांवर गंज धरतो. पुढे इंजिन चालू लागलं की गंजलेला पृष्ठभाग सोलत जातो आणि तो चुरा तेलातून इंजिनभर फिरतो. विक्रेता अभिमानाने सांगत होता, “दर महिन्याला दहा मिनिटं सुरू करून ठेवतो.” याने उलट नुकसान होतं. जमिनीवर दहा मिनिटांत तेल पुरेसं तापत नाही, ज्वलनातून आलेलं पाणी उडून जात नाही आणि तेलातच राहतं.

तपासणीसाठी मी स्वतःचा मेकॅनिक नेला नाही, ही माझी मोठी चूक. लांबून माणूस आणायचा म्हणजे त्याचे दोन दिवस, प्रवास, मजुरी. विक्रेत्याने स्वतःच सुचवलं की वार्षिक तपासणी करणारा मेकॅनिक इथेच आहे, तोच सगळं दाखवेल. त्याने माझ्यासमोर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवेचा दाब किती धरून ठेवतात ते, तपासलं. चार सिलिंडरांचे आकडे ८० पैकी ७४, ७५, ७३, ७६. आकडे खरे होते आणि मी निर्धास्त झालो. कॉम्प्रेशनवरून पिस्टनच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह कळतात, कॅमची स्थिती कळत नाही. त्यासाठी रॉकरची झाकणं काढून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजावं लागतं, किंवा एक सिलिंडर काढून आत डोकवावं लागतं. विक्रेता ते करू देत नसेल तर तिथूनच परत फिरा. मी घाई करावी म्हणून शनिवारी दुसरं गिऱ्हाईक येणार असल्याचंही त्याने सांगितलं होतं. संध्याकाळी मी इसार देऊन मोकळा झालो. करारात ‘आहे तसं, आहे तिथे’ असं लिहिलेलं होतं, त्यावरही सही केली.

पंचवीस तासांनी तेल बदलताना माझ्या मेकॅनिकने फिल्टर कापून कागद उलगडला. घड्यांमध्ये चकचकीत कण होते आणि चुंबक लावताच ते चिकटले. त्याने लॉगबुकं मागितली आणि तासभर नुसती वाचत बसला. मग त्याने मला दोन गोष्टी दाखवल्या. सलग पाच वर्षांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या होत्या. आणि प्रॉपेलरच्या हबवर कोरलेला क्रमांक लॉगबुकातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. प्रॉपेलर कधीतरी बदललं होतं, पण बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. कागदावर नसलेली ती एक ओळ मला शोधता आली असती. टॉर्च घेऊन पाच मिनिटांचं काम होतं.

चालत्या इंजिनाचं प्रॉपेलर जमिनीवर आपटलं तर इंजिन उघडून तपासावं, असं लायकमिंग स्पष्ट सांगते. इथे, आधीचं प्रॉपेलर बहुधा असंच आपटल्यावर, गुपचूप दुसरं बसवून विमान विकायला काढलं होतं. आमचं इंजिन उघडल्यावर कॅमचे दोन उंचवटे झिजलेले निघाले, आणि क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला गिअर जागेवर धरून ठेवणारी डोवेल पिन चेपलेली. तो गिअर सरकला की कॅम आणि ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो एकदमच थांबतात, म्हणजे इंजिनच बंद. त्या पंचवीस तासांतल्या दोन उड्डाणांत माझी मुलगी शेजारच्या आसनावर होती. ही पिन मी अजून जपून ठेवली आहे.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, “करारावर सही तुमची आहे.” वकिलांनीही जवळजवळ तेच सांगितलं: प्रॉपेलर आपटल्याचं त्याला माहीत होतं, हे सिद्ध करणं माझ्यावर, आणि नोंद तर नाहीच. दुरुस्तीला विमानाच्या किमतीच्या जवळपास पैसे लागले. कर्ज काढलं.

इंजिन परत बसवताना मेकॅनिकने विचारलं, “प्रॉपेलर आपटल्याच्या खुणांचं लॉगबुकात लिहू का? उद्या विकायला काढलंत तर किंमत पडेल.”

मी म्हटलं, सगळं लिहा, पिनेचंही. प्रॉपेलरचा खरा क्रमांकही टाका.