थाई शब्द पाठ करण्यासाठी ‘आन्की’: साधन उत्तम, तयार संच मात्र पारखून घ्यावेत

परक्या भाषेतील शब्द पाठ करण्यासाठी जी संगणकीय साधने वापरली जातात, त्यांत ‘आन्की’चे नाव गेली अनेक वर्षे घेतले जाते. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली स्वतः काहीच शिकवत नाही. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर असलेली कार्डे ती सांभाळते आणि कोणते कार्ड कोणत्या दिवशी पुन्हा समोर आणायचे ते ठरवते. त्यामुळे तिचे परीक्षण करताना दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: एक म्हणजे ही उजळणीची यंत्रणा, आणि दुसरी म्हणजे तिच्यात भरलेला मजकूर. रोजच्या व्यवहारातील थाई शब्द शिकणाऱ्या मराठी माणसापुरते बोलायचे तर यंत्रणेला मी निःशंकपणे चांगले गुण देईन. तिच्यासाठी लोकांनी तयार करून ठेवलेले थाई शब्दसंच मात्र बहुतांशी आपल्या कामाचे नाहीत, असे माझे मत झाले आहे.

संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर ही प्रणाली विनामूल्य मिळते. दिसायला ती अगदी सरकारी अर्जासारखी आहे. रंगीत चित्रे, बक्षिसे, शाबासकीचे आवाज यांपैकी काहीही तिच्यात नाही आणि पहिल्या दिवशी नेमके काय दाबायचे हेही नीट कळत नाही. ज्याला तेवढी चिकाटी आहे त्याने पुढे वाचावे.

तयार संचांविषयीची माझी मुख्य तक्रार लिपीची आहे. या संचांत थाई शब्दाचा उच्चार बहुधा रोमन अक्षरांत दिलेला असतो आणि तोही प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिलेला असतो. थायलंडमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर जी अधिकृत रोमन पद्धत दिसते, तिच्यात सूर दाखवले जात नाहीत, स्वर ऱ्हस्व की दीर्घ तेही कळत नाही आणि ‘च’ व ‘छ’ हे दोन्ही वर्ण एकाच तऱ्हेने लिहिले जातात. परिणामी थाळीला म्हणतात तो ‘चान’, सोमवारातील चंद्रवाचक ‘चन’ आणि इमारतीचा मजला या अर्थाचा ‘छन’ हे तिन्ही शब्द त्या पद्धतीत अक्षरशः एकसारखे दिसतात. इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला ‘क’ आणि ‘ख’, ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक कानाने ओळखायला महिनोन्‌महिने लागतात, म्हणून त्याच्यासाठी लिहिलेल्या संचांत याविषयी लांबलचक सूचना असतात. ज्याने बालवाडीत ‘क ख ग घ’ घोकले आहे, त्याने त्या सूचनांत वेळ घालवण्याचे काहीही कारण नाही. थाई वर्णमालासुद्धा कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य अशा आपल्या ओळखीच्या क्रमानेच लावलेली आहे. तिच्यात ४४ व्यंजने आहेत आणि त्यांपैकी दोन आता वापरातून गेली आहेत.

देवनागरी, आणि त्यातही मराठीची देवनागरी, थाई उच्चारांना चांगलीच मानवते. इंग्रजी शब्दांसाठी आपण जे ‘ॲ’ आणि ‘ऑ’ घेतले, ते दोन्ही स्वर थाईत रोज लागतात. ‘महाग’ या अर्थाचा ‘फॅङ’ आणि ‘चविष्ट’ या अर्थाचा ‘अरॉय’ हे शब्द मराठी वाचक पहिल्या फटक्यात जवळपास बरोबर वाचतो. आपल्या मुळाक्षरांत नुसता शोभेला उरलेला ‘ङ’ थाईत शब्दाच्या आरंभी येतो. ‘ङान’ म्हणजे काम आणि ‘ङू’ म्हणजे साप. तो म्हणायला जड जातो, परंतु लिहायला आपल्याकडे अक्षर तयार आहे, हे काही कमी नाही. अडचण खरोखर तीन ठिकाणी येते. ओठ न वळवता काढायचे दोन स्वर आपल्याकडे नाहीत, त्यांच्यासाठी एखादी खूण ठरवून घ्यावी लागते. ‘फ’च्या बाबतीत आपल्यातले बरेच जण आता ओठ मिटण्याऐवजी दात टेकवून उच्चार करतात, आणि थाईत हे दोन वेगळे वर्ण असल्यामुळे कार्डावर एकाला नुक्ता देणे भाग पडते. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण सुरांची आहे.

थाईत पाच सूर आहेत: सपाट, खालचा, उतरता, वरचा आणि चढता. ‘मा’ हे अक्षर सपाट म्हटले तर ‘येणे’, वरच्या सुरात म्हटले तर ‘घोडा’ आणि चढत्या सुरात म्हटले तर ‘कुत्रा’. व्यवहारात याहून अधिक घोटाळा ‘क्लाय’ या जोडीने होतो, कारण सपाट सुरात तो ‘लांब’ असतो आणि उतरत्या सुरात ‘जवळ’. रिक्षावाल्याला, म्हणजे तिथल्या टुकटुकवाल्याला, अंतर विचारताना या दोहोंची गफलत परवडत नाही. सुराची खूण नसलेले आणि आवाज न जोडलेले कार्ड म्हणूनच थाईसाठी निरुपयोगी समजावे. तयार संच निवडताना सर्वांत आधी प्रत्येक शब्दाला थाई माणसाचा आवाज जोडलेला आहे की नाही ते पाहावे. नसेल तर शब्दांची संख्या कितीही मोठी असली तरी तो संच सोडून द्यावा.

याच ठिकाणी ‘आन्की’ची खरी ताकद कळते, कारण तिच्यात कार्डाचा साचा आपल्याला हवा तसा करता येतो. माझ्या संचातील एक कार्ड नमुन्यादाखल सांगतो. पुढच्या बाजूला दोन पेले कॉफीचे छायाचित्र आहे, शब्द एकही नाही. मागच्या बाजूला वर थाई लिपी, तिच्याखाली देवनागरीत ‘काफ़ॅ सॉङ कॅव’, आणि कार्ड उलटताच आपोआप वाजणारा आवाज. प्रत्येक सुराला मी एक रंग दिला आहे. त्यामुळे ‘काफ़ॅ’ची दोन्ही अक्षरे काळी म्हणजे सपाट, ‘सॉङ’ हिरवे म्हणजे चढते आणि ‘कॅव’ लाल म्हणजे उतरते दिसते. सुटा ‘कॉफी’ हा शब्द मी कार्डावर मुद्दामच घातलेला नाही. थाईत आधी वस्तू, मग संख्या आणि शेवटी त्या वस्तूचा मोजशब्द अशी रचना असते आणि हा मोजशब्द वस्तूगणिक बदलतो: माणसांना ‘खोन’, जनावरांना ‘तुआ’, पुस्तकांना ‘लेम’, मोटारींना आणि छत्र्यांनाही ‘खन’. नाम एकटे पाठ केले की मोजशब्द पुन्हा वेगळा पाठ करावा लागतो. म्हणून संख्येसह पूर्ण पदच कार्डावर घालणे फायद्याचे ठरते. बाजारात मिळणारे किंवा लोकांनी वाटलेले संच बहुतेक वेळा सुट्या शब्दांचे असतात, त्याचे कारण ते बनवायला सोपे जातात, एवढेच.

मराठी विद्यार्थ्याला फुकटात मिळणारा भाग संस्कृत आणि पालीतून आलेल्या शब्दांचा. महिन्यांची नावे हे त्याचे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे, कारण ती राशींवरून पडलेली आहेत. मकर संक्रांत ज्या महिन्यात येते तो जानेवारी म्हणजे ‘मकराखोम’, फेब्रुवारी ‘कुम्फाफन’, मार्च ‘मीनाखोम’ आणि एप्रिल ‘मेसायोन’. ३१ दिवसांच्या महिन्याच्या शेवटी ‘खोम’ येते, ३० दिवसांच्या महिन्याच्या शेवटी ‘योन’, आणि फेब्रुवारी तेवढा निराळा. वारांपैकी ‘अङखान’ म्हणजे मंगळवार, हे अंगारकी चतुर्थी पाळणाऱ्या घरात वेगळे सांगावे लागत नाही. बारा महिने आणि सात वार यांची कार्डे मी केलीच नाहीत. एका कागदावर लिहून भिंतीला लावली तेवढी पुरली. स्थानकाचा ‘सथानी’ हा शब्द तर बँकॉकच्या आकाशरेल्वेत दर थांब्याआधी होणाऱ्या घोषणेतच कानावर पडतो. अशा शब्दांत धोका एकच असतो, तो म्हणजे ओळखीच्या दिसण्याचा. लिहिताना मूळ संस्कृत वर्ण कायम राहतात, पण बोलताना शेवटचे व्यंजन अर्ध्यावर दाबले जाते आणि ‘स’चा ‘त’ होतो. ‘स्वस्ति’पासून आलेला नमस्कार म्हणूनच ‘सवतदी’ असा ऐकू येतो.

शाकाहारी माणसाला पहिल्या आठवड्यातच लागणारे शब्द मला पाहिलेल्या तयार संचांत जवळजवळ कुठेच आढळले नाहीत. ‘मङसविरत’ म्हणजे मांसविरती, अर्थात शाकाहार, परंतु त्यात अंडे चालते असे साधारणपणे धरले जाते. ‘चे’ हा शब्द त्याहून कडक आहे. त्यात अंडे आणि दूध तर नाहीच, शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे आपल्याकडच्या जैन जेवणाची आठवण होते. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत हा शब्द लावलेले दुकान दिसले की निर्धास्तपणे आत जावे. एरवी ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशांपासून केलेला खारट रस घालू नका, हे वाक्य तोंडपाठ हवे, कारण नुसत्या भाज्या मागवल्या तरी तो रस त्यात पडतोच.

उजळणीच्या गणिताविषयी थोडक्यात. कार्ड उलटल्यावर आठवले की नाही, सहज की कष्टाने, हे चार बटणांपैकी एक दाबून सांगायचे असते, आणि त्यावरून पुढचे अंतर ठरते. २०२३ च्या अखेरीस या प्रणालीत उजळणीची अंतरे ठरवण्याची नवी पद्धत आली. ती तुमच्या स्वतःच्या विसरण्याचा अंदाज घेऊन अंतरे ठरवते. सेटिंगमध्ये जाऊन ती सुरू करून घ्यावी, जुन्या पद्धतीपेक्षा ती निश्चितच कमी त्रास देते. दिवसाला २० नवी कार्डे हा मूळचा आकडा मात्र थाईसाठी भलताच जास्त आहे. लिपी, सूर आणि मोजशब्द असे तिहेरी ओझे प्रत्येक कार्डावर असल्यामुळे सात-आठ पुरे होतात. नाही तर महिन्याभरात उजळणीचा असा ढीग साचतो की माणूस प्रणाली उघडायचेच टाळू लागतो.

मध्यम पातळीवर पोहोचलेल्यांना या साधनाच्या मर्यादा लवकर जाणवतील. कार्डावरचा आवाज स्वच्छ आणि संथ असतो. रस्त्यावर पुरुषांच्या वाक्याच्या शेवटी येणारा आदरार्थी ‘ख्रप’ झरकन ‘खप’ होतो आणि ‘अरॉय’चा ‘अलॉय’ ऐकू येतो. त्याची सवय थाई मालिका किंवा बातम्या ऐकूनच होते. घड्याळ सांगण्याची पद्धत हा दुसरा असाच भाग. संध्याकाळी सातपासून नवी मोजणी सुरू होते, त्यामुळे रात्रीचे आठ म्हणजे ‘सॉङ थुम’, शब्दशः दोनचा ठोका. पहाटेचे, सकाळचे आणि दुपारचे तास आणखी वेगळ्या शब्दांनी सांगितले जातात. हे चोवीस तास चोवीस कार्डांवर घालण्यापेक्षा एखाद्या थाई शिक्षकाबरोबर तासभर बसून भेटीच्या वेळा ठरवण्याचा सराव करणे कितीतरी सोपे.

खर्चाचे म्हणाल तर फक्त आयफोनवरची आवृत्ती विकतची आहे. अमेरिकेत तिची किंमत सुमारे २५ डॉलर असून ती एकदाच भरायची असते. आधी संगणकावर स्वतःची शे-दीडशे कार्डे करून पाहावीत आणि ती महिनाभर नेमाने उजळली गेली, तरच हा खर्च करावा. तोपर्यंत आयफोनच्या ब्राउझरमध्ये संकेतस्थळ उघडूनही तीच कार्डे विनामूल्य उजळता येतात.