उष्णता, आवाज आणि वेग : नागपूरच्या खोलीत आठ महिने आरटीएक्स ४०७० सुपर

२०२४ च्या दसऱ्याला मी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०७० सुपर या चिपचे तीन पंख्यांचे ग्राफिक्स कार्ड घेतले आणि आता, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सोसून झाल्यावर, त्याविषयी लिहायला बसलो आहे. एवढे दिवस मुद्दामच थांबलो, कारण हिवाळ्यात नागपुरात कोणतेही कार्ड चांगलेच वाटते. माझे काम माहितीपटांच्या संकलनाचे आहे. त्यासाठी लागणारे नकाशे आणि छोटी त्रिमितीय दृश्ये मी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतो, आणि निवेदनही त्याच दहा बाय बाराच्या खोलीत, संगणकापासून चार फुटांवर ठेवलेल्या माइकवर ध्वनिमुद्रित होते. त्यामुळे वेग, उष्णता आणि आवाज या तिन्हींचा हिशेब मला एकदमच मांडावा लागतो.

माझे आधीचे कार्ड जीटीएक्स १६६० सुपर होते, १२५ वॉटचे आणि सहा जीबी मेमरीचे. ते गुणी होते, पण मोठे दृश्य त्याच्या मेमरीत मावत नसे आणि लांब रेंडर, म्हणजे दृश्यातून एकेक फ्रेम काढून घेण्याचे काम, रात्रभर चालू ठेवावे लागे. नवे घेताना पहिला मोह झाला तो जुन्या बाजारातल्या आरटीएक्स ३०८० चा, कारण किंमत हाताशी होती आणि वेग भरपूर. मात्र ते कार्ड ३२० वॉट खाते, आणि जवळपास तेवढेच काम २०२३ मध्ये आलेले साधे आरटीएक्स ४०७० हे २०० वॉटमध्ये करते. एकाच कामासाठी १२० वॉट जास्त, तेही मे महिन्यात, हा सौदा मला परवडणारा नव्हता. दुसरा पर्याय एएमडीच्या आरएक्स ७८०० एक्सटीचा होता. त्याची मेमरी १६ जीबी आणि किंमतही कमी, पण वीज २६३ वॉट. शिवाय ब्लेंडरमधील सायकल्स हे रेंडर करणारे इंजिन एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स या तंत्रावर जितके वेगाने चालते तितके अजून एएमडीवर चालत नाही. ज्यांना फक्त गेम खेळायचे आहेत त्यांच्यासाठी हा दुसरा मुद्दा गैरलागू आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेवटी ४०७० आणि ४०७० सुपर यांत निवड उरली. सुपरमध्ये ५,८८८ ऐवजी ७,१६८ कुडा कोर (चिपमधील गणना करणारे छोटे घटक) मिळतात आणि वीज वाढते ती फक्त २० वॉटने, म्हणून मी सुपर घेतले.

वॉटचा उल्लेख मी वारंवार करतो आहे, कारण खरेदीच्या वेळी आपण सगळे पडद्यावर दिसणाऱ्या तापमानाकडे पाहतो आणि तिथेच फसगत होते. कार्डाचे तापमान ही एक गोष्ट आणि कार्डाने खोलीत सोडलेली उष्णता ही दुसरी. तीन पंखे आणि जाडजूड हीटसिंक (चिपची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग) असलेले कार्ड ६० अंशांवर राहील, तीच चिप दोन पंख्यांच्या लहान हीटसिंकखाली ७५ अंशांवर जाईल. पण दोन्ही २२० वॉट खात असतील, तर दोन्ही खोलीत तेवढीच उष्णता ओततात. चांगला हीटसिंक चिपला वाचवतो, खोलीत बसलेल्या माणसाला नाही. माझ्या खोलीत चार-पाच तासांचे रेंडर म्हणजे एक युनिट वीज आणि त्या संपूर्ण युनिटाची उष्णता. दार बंद असेल तर ती कुठेही जात नाही.

हिवाळ्यातले अनुभव थोडक्यात सांगतो. जानेवारीच्या रात्री खोलीत २० ते २२ अंश तापमान असताना पूर्ण भाराखाली कार्ड ६१-६२ अंशांवर स्थिरावत असे, पंखे मिनिटाला १,१५० ते १,२०० फेऱ्यांवर, आणि कॅबिनेट टेबलाखाली असेल तर ते चालू आहे हे कळण्यासाठी कान द्यावा लागे. इंटरनेटवरील बहुतेक चाचण्या अशाच २०-२५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. त्या खोट्या नसतात, पण त्या आपल्या खोलीतल्या नसतात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून चित्र पालटले. कार्डाचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक कार्डाची स्वतःची वाढ, असा साधा हिशेब आहे. पंख्यांचा वेग तोच ठेवला तर खोली १५ अंशांनी तापल्यावर कार्डही तितकेच तापते. पण स्वयंचलित पंखे वेग तोच ठेवत नाहीत, ते वाढवतात. म्हणून खोलीत ३७ अंश असतानाही पडद्यावर फक्त ७१ दिसत होते आणि पंखे मात्र १,८०० च्या पुढे गेले होते. म्हणजे आमच्याकडचा उन्हाळा कार्डाच्या तापमानात फारसा दिसत नाही, तो पंख्यांच्या आवाजात ऐकू येतो. ज्यांनी केवळ ७१ हा आकडा पाहिला असता त्यांनी सगळे आलबेल आहे असेच म्हटले असते.

विदर्भातल्या वाचकांना पुढची अडचण सांगायलाच नको. खिडकीतला कूलर चालू असला की त्याच्या घरघरीत कोणतेही ग्राफिक्स कार्ड ऐकू येत नाही, आणि वाळ्याच्या ताट्यांमधून येणाऱ्या हवेने खोलीही सुसह्य होते. पण निवेदन मुद्रित करताना कूलर बंद करावाच लागतो. त्या क्षणी खोली तापू लागते आणि इतका वेळ कूलरखाली झाकलेला पंख्यांचा आवाज नेमका माइकपर्यंत पोहोचतो. रेंडर थांबवून मुद्रण करायचे म्हटले तर दिवसातले दोन तास हातचे जातात.

यावर उपाय सापडला तो पैसे न खर्चता. चिप जी वीज खाते ती ढोबळमानाने वारंवारतेच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. कंपन्या प्रत्येक चिप शेवटच्या दोन-चार टक्के वेगासाठी जास्तीच्या व्होल्टेजवर चालवतात, आणि हीच दोन-चार टक्के सगळ्यात महागात पडतात. माझे कार्ड मुळात सुमारे २,७०० मेगाहर्ट्‌झ आणि १.०५ व्होल्टवर चालत होते. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधील व्होल्टेजची वक्ररेषा (कोणत्या वारंवारतेला किती व्होल्टेज द्यायचे ते ठरवणारी) उघडून मी ते ०.९५ व्होल्ट आणि २,५५० मेगाहर्ट्‌झवर बांधले. केवळ व्होल्टेजमधल्या या फरकाने विजेत सुमारे १८ टक्के घट यायला हवी, आणि वारंवारतेची घट धरून ती २३ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्यक्षातही तसेच झाले. माझ्या एका नेहमीच्या दृश्यात, सह्याद्रीच्या एका घाटाच्या भूरूपावरून कॅमेरा फिरतो त्यात, कार्ड २०० वॉटच्या आसपास खात असे, ते १५५ वर आले. त्याच दृश्याच्या एका फ्रेमला ११८ सेकंद लागत, तिथे आता १२४ लागतात. सहा सेकंद देऊन ४५ वॉट वाचतात, आणि हे सहा सेकंद मी रोज आनंदाने देतो.

ज्यांना वक्ररेषेत हात घालायची भीती वाटते त्यांनी त्याच सॉफ्टवेअरमधील पॉवर लिमिटचा, म्हणजे विजेच्या कमाल मर्यादेचा, सरकता दांडा ७५ टक्क्यांवर आणला तरी बराचसा लाभ पदरात पडतो. त्यात बिघडण्यासारखे काही नाही. वक्ररेषेच्या बाबतीत मात्र घाई नको. मी पहिल्याच दिवशी ०.९० व्होल्टपर्यंत उतरलो होतो, तासभर सगळे सुरळीत चालले, आणि मग रात्री अडीच वाजता ड्रायव्हर कोसळून १४० फ्रेमनंतर रेंडर थांबला. प्रत्येक चिपची सहनशक्ती वेगळी असते. दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत आणि नवी मांडणी किमान दोन-तीन रात्री पारखल्याशिवाय तिच्यावर महत्त्वाचे काम सोपवू नये.

आवाजातला फरक मी मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपने मोजला नाही, कारण इतक्या हळू आवाजात त्यांचा भरवसा नसतो. त्याऐवजी निवेदनाच्या दोन वाक्यांमधील शांत सेकंद पाहिले. मे महिन्यात, कूलर बंद, रेंडर चालू, अशा स्थितीत कंपनीच्या मूळ मांडणीवर त्या शांततेची पातळी ध्वनिमुद्रणात उणे ५१ डेसिबलच्या (शून्याच्या जितके खाली तितके शांत) आसपास येत होती. बदलानंतर पंखे १,८०० वरून १,३०० फेऱ्यांवर आले आणि तीच पातळी उणे ५८ झाली. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो, या नियमाशी हे बरोबर जुळते. आणि दहा डेसिबलचा फरक कानाला दुप्पट वाटतो, हे लक्षात घेतले तर सात डेसिबल ही किरकोळ गोष्ट नाही. पूर्वी प्रत्येक वाक्यामागून जी हवेची सळसळ पुसत बसावी लागे, ती आता संगीताच्या हलक्या थराखाली सहज झाकली जाते.

एक त्रास असा होता की ज्याची कल्पना कोणत्याही चाचणीने दिली नव्हती. आजकालच्या बहुतेक कार्डांप्रमाणे माझ्या कार्डाचे पंखेही भार नसताना पूर्ण थांबतात आणि ५५ अंशांच्या आसपास सुरू होतात. हिवाळ्यात ही सोय वाटते. उन्हाळ्यात मात्र नुसते लेखन करत बसले तरी कार्ड ५० च्या वर असते. त्यामुळे पंखे सुरू होत, मिनिटभर फिरत, कार्ड दोन-चार अंशांनी उतरले की थांबत, आणि तीन मिनिटांनी पुन्हा तेच. सुरू होताना येणारी ती छोटीशी घर्रर अखंड आवाजापेक्षा कितीतरी जास्त लक्ष वेधते. मार्चअखेरीस मी पंखे थांबण्याची सोय बंद केली आणि ते भार नसतानाही किमान ३० टक्क्यांवर ठेवले. आता ते सदैव फिरतात आणि म्हणूनच ऐकू येत नाहीत.

कॅबिनेटकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. माझ्या आधीच्या कॅबिनेटला पुढून काचेचे झाकण होते. एका दुपारी ते काढून ठेवले तर त्याच भाराखाली कार्ड सहा अंशांनी उतरले. पुढच्याच आठवड्यात जाळीदार तोंडाचे कॅबिनेट घेतले, पुढे दोन आणि मागे एक पंखा लावला. ग्राफिक्स कार्डावर चार-पाच हजार रुपये वाढवून महागडे हीटसिंक-पंखे असलेले मॉडेल घेण्यापेक्षा कितीतरी लोकांचे काम एवढ्याने भागेल. जाळीची किंमत धुळीने मोजावी लागते. लूच्या दिवसांत दर तीन आठवड्यांनी गाळणी बाहेर काढली की तिच्यावर नमद्यासारखा करडा थर बसलेला असतो, बोटाने उचलला तर अखंड निघेल असा. तो काढल्यावर कार्ड तीन-चार अंशांनी खाली येते.

विजेच्या भाराखाली कार्डातील कॉइलची येणारी बारीक किणकिण, जिला कॉइल व्हाइन म्हणतात, माझ्याही कार्डात आहे. रेंडरमध्ये ती जवळपास नसते. गेमच्या मुख्य पडद्यावर जिथे सेकंदाला तीनशे-चारशे फ्रेम उगाचच निघत असतात तिथे ती स्पष्ट ऐकू येते. फ्रेमची मर्यादा मॉनिटरइतकी, माझ्याकडे १०० वर, बांधली की ती विरते आणि वीजही वाचते. हा दोष एकाच मॉडेलच्या दोन नगांतही कमीजास्त असतो, म्हणून बदलून देण्याची मुदत आहे तोवर शांत खोलीत एकदा कान देऊन ऐकावे.

मेमरीबद्दल मात्र मनात खंत आहे. बारा जीबी मला बहुतेक वेळा पुरते, पण घनदाट झाडी असलेल्या एका दृश्यात ती संपली आणि कार्ड संगणकाच्या मुख्य मेमरीकडे वळल्यावर एका फ्रेमचा वेळ तिपटीवर गेला. तिथे कमी व्होल्टेज आणि शांत पंखे काहीच कामाचे नव्हते. आज खरेदी करणाऱ्यांसाठी मार्च २०२५ पासून आरटीएक्स ५०७० बाजारात आहे, पण त्याचीही मेमरी बाराच जीबी आणि वीज २५० वॉट. तापलेल्या खोलीसाठी मला ते आकर्षक वाटत नाही. त्यापेक्षा त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० टीआयच्या १६ जीबीच्या आवृत्तीचा विचार करावा. वेग माझ्या कार्डापेक्षा कमी आहे, पण १८० वॉटमध्ये मेमरीची चिंता मिटते. वातानुकूलित खोलीत फक्त गेम खेळणाऱ्यांना यातला बराचसा हिशेब लागूच होणार नाही. त्यांनी वेग आणि किंमत पाहून खुशाल निर्णय घ्यावा.

आठ महिन्यांत एकच गोष्ट नव्याने उद्भवली आहे. मेअखेरपासून १,२५० फेऱ्यांच्या जवळपास मधल्या पंख्यातून हलका गुणगुणणारा सूर येतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे तो नाहीसा होतो. बहुधा पंखा आणि वरचे प्लास्टिकचे आवरण यांचा त्या वेगाला मेळ बसतो. सध्या पंख्यांच्या मांडणीत १,२०० वरून थेट १,३०० वर उडी ठेवली आहे आणि मुद्रणात तो सूर उमटलेला नाही. वॉरंटीची अजून दोन वर्षांहून अधिक मुदत शिल्लक आहे. पावसाळ्यात सूर वाढला तर कार्ड दुरुस्तीला पाठवीन.