पहिला सप्रेसर: .३० की ५.५६?

अमेरिकेत शिकारीसाठी .२२३, ६.५ क्रीडमूर आणि .३०८ अशा तीन रायफली बाळगणाऱ्याने पहिला सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचं, बाराचा आवाज कमी करणारं नळकांडं) कुठला घ्यावा? माझं उत्तर ठाम आहे: .३० कॅलिबरचा, म्हणजे सुमारे ०.३० इंच व्यासाच्या गोळीसाठी बनवलेला.

कारण साधं. मोठ्या छिद्रातून लहान गोळी निघून जाते. उलट केलं तर सप्रेसर फुटतो आणि माणूस जखमी होऊ शकतो. ५.५६ चा (म्हणजे .२२३ च्या गोळीच्या मापाचा) सप्रेसर .३०८ वर कधीच लावायचा नाही. .३० चा मात्र तिन्हींवर चालतो, फक्त उत्पादकाने दिलेली काडतुसांची आणि नळीच्या किमान लांबीची मर्यादा पाळायची. सप्रेसर बसवायचे नळीच्या तोंडावरचे आटे वेगळे असतात: .२२३ वर बहुधा १/२×२८ (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे), .३०८ वर ५/८×२४. म्हणून माउंट (सप्रेसर नळीला जोडणारा भाग) बदलता येणारंच मॉडेल घ्या. माउंट बदलला की छिद्र नळीशी सरळ रेषेत आहे ना, हे नळीत घालायच्या सरळ रॉडने तपासाच.

५.५६ चा खास सप्रेसर आखूड, हलका असतो आणि .२२३ वर सहसा थोडा अधिक आवाज दाबतो. फक्त .२२३ चीच रायफल असेल तर तोच घ्या.

सप्रेसर लावला तरी रायफल गप्प होत नाही. साधारण १६० डेसिबलचा बार २५-३० ने उतरतो, स्वनातीत (आवाजापेक्षा वेगवान) गोळीचा कडाका राहतोच. कानांचं संरक्षण सोडू नका.

सप्रेसरवरचा २०० डॉलरचा संघीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. संघीय नोंदणी आणि मंजुरी मात्र कायम आहे. काही राज्यांत सप्रेसरवर बंदीच आहे, ते आधी पाहा.